पंचपात्रातली पळी

नोकरी संपून वर्ष झालं, तरी नरहर देगलूरकरांनी बरकतपुऱ्यातल्या घरामागची आपली शेड एकदाही उघडली नव्हती. सरकारी मोटारखान्यात चौतीस वर्षं जीप आणि ट्रक दुरुस्त केलेला हा माणूस. चालत्या गाडीच्या गिअरवर नुसता तळहात ठेवायचा आणि कुठला पार्ट रडतोय ते सांगायचा. आता कुणी काम घेऊन आलंच तर म्हणायचे, चौऱ्याण्णव साल आहे बाबा, रोज नवी गाडी निघते, सगळं कॉम्प्युटर करतो, आमच्यासारख्यांनी आता रामराम म्हणावं.

लीलाबाईंना खरं कारण ठाऊक होतं. साखरेच्या आजाराने नरहररावांचे तळहात बधिर झाले होते. कढत चहाचा पेला ते खुशाल धरून बसत, बोटं लाल झाली तरी पत्ता नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मग बाईंनीही विषय काढला नाही. सकाळी देवापुढे दिवा लावताना मात्र त्यांचं एकच मागणं असे, त्या शेडचं कुलूप निघू दे.

कार्तिकात शेजारच्या डॉक्टर वंदना आल्या. त्यांची जुनी फोरव्हील जीप होती. दर सोमवारी त्या औषधं घेऊन कीसराच्या पलीकडच्या खेड्यांत जात. रस्ता असा, की पावसाळ्यानंतर मारुती गाडीचं तिथे कामच नाही. ती जीप महिनाभर पन्नासच्या वर गेली की अंगात आल्यासारखी थरथरत होती. कुकटपल्लीला मोठ्या वर्कशॉपात चाकं दोनदा कॉम्प्युटरवर चढवून झाली. फरक शून्य. आता गिऱ्हाईक आलं होतं, पुढच्या रविवारी जीप जाणार होती आणि तिच्याबरोबर सोमवारची खेडीही. "काका, एकदा बघा तरी," एवढंच त्या म्हणाल्या. नरहररावांनी पेपरात डोकं घातलं.

लीलाबाईंनी तेवढ्यात घोडं दामटलं. म्हणाल्या, कार्तिकी सोमवार आहे, कीसरगुट्ट्याच्या टेकडीवरल्या महादेवाचं दर्शन राहिलंय, डॉक्टरीणबाई त्याच वाटेने जातात तर आपण दोघंही जाऊ. दर्शनाला नाही म्हणायची सोय नव्हती.

जीप वंदनांचा ड्रायव्हर उमाजी चालवत होता. जन्म हैदराबादचा, मराठी बोलायचा ती निम्मी दखनी. वंदना त्याच्या शेजारी आणि मागे हे दोघं. लीलाबाईंच्या मांडीवर पूजेचं ताट होतं. ताटात बेल, फुलं आणि पाणी भरलेलं तांब्याचं पंचपात्र, त्यात पळी. मोकळा रस्ता लागला तसं जीपने अंग झटकायला सुरुवात केली. नरहररावांनी सवयीने हात पुढे नेऊन पुढच्या सीटची दांडी धरली, क्षणभर डोळे मिटले आणि हात मागे घेतला. त्यांचा चेहरा पाहून लीलाबाईंनी ओळखलं. एवढी गाडी हलतेय आणि या हाताला त्यातलं काहीच कळत नाही.

आणि पळी वाजायला लागली.

खड्ड्यात आदळलं की ती एकदाच टण्ण करी. ही मात्र सलग वाजत होती, किणकिण किणकिण, आरतीतल्या घंटीसारखी. बाई ती उचलून ठेवणार, तोच नरहररावांनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे. ऐकू दे मला."

हात गेले होते, कान शाबूत होते. त्यांनी उमाजीला वेग उतरवायला लावला. पळी गप्प झाली. पुन्हा चढवायला लावला. पन्नासला पळी बोलली. मग वेग न मोडता गाडी न्यूट्रल करायला सांगितली. इंजिनचा आवाज पार खाली बसला, पळी वाजतच राहिली.

"इंजिन संशयातून सुटलं," नरहरराव म्हणाले. वर्षभरात त्यांचा हा आवाज बाईंनी ऐकला नव्हता.

ते वंदनांना समजावू लागले. चाकं तपासून झाली, इंजिन निर्दोष. आता उरले दोन शाफ्ट, म्हणजे जोर पोचवणारे लांब दांडे, एक मागच्या चाकांकडे जाणारा, एक पुढच्या. तुमच्या या जीपमध्ये पुढचा कामाला नसला तरी फिरतच असतो.

गुट्ट्याच्या पायथ्याशी वंदनांनी झाडाखाली दवाखाना मांडला. लीलाबाई वर गेल्या, अभिषेक केला आणि रिकामं पंचपात्र पुन्हा भरून उतरल्या. तोवर उमाजीने पुढचा शाफ्ट सोडवून काढला होता. त्याच्याशिवाय जीप पळवून पाहिली. साठला गेली तरी पळी मुकी.

चोर सापडला, पण चोरी कळेना. शाफ्ट वाकलेला नव्हता, सांधे घट्ट, ग्रीस ताजं. काळाभोर, चकचकीत दांडा नरहरराव गुडघ्यावर घेऊन बसले, पुन्हा पुन्हा हात फिरवू लागले, आणि हळूहळू त्यांचे खांदे पडले.

लीलाबाईंना यंत्रातलं काही कळत नव्हतं. त्यांनी उमाजीला आपल्याला कळतं तेच विचारलं. दुखणं कधीपासून? तो म्हणाला, दसऱ्यापासून. मग दसऱ्याला गाडीची पूजा कशी केलीस?

उमाजीची छाती फुगली. "लोकां नुसता हार घालतेत, आई. मी अख्खी गाडी न्हाऊ घातलो. ये शाफ्ट तो दोन तुकडे करून डिझेलनं धुतला, काळा रंग दिला, फिर जोडला. हळद-कुंकू खालून भी लावलो."

"दोन तुकडे केलेस?" नरहरराव ताडकन उठले. "जोडताना बाण जुळवलेस का?"

"कौनसे बाण, साब?"

नरहररावांनी शाफ्टाच्या दातेरी जोडावर बोटं फिरवली. थांबले. आणि मग, सगळ्यांदेखत, ते बोलले:

"लीला, माझ्या बोटांना आता कळत नाही. तू बघ गं, इथे काही लागतं का."

बाईंनी केसांतला आकडा काढला आणि रंग खरवडला. एका तुकड्यावर कोरलेला बाण निघाला. दुसऱ्या तुकड्यावरचा बाण त्याच्या समोर हवा होता, तो दोन दाते बाजूला सापडला.

नरहरराव हसत सुटले. जात्यावर दोघी बसल्या की दोघींची ओढ जुळावी लागते, म्हणाले, या दांड्याच्या दोन टोकांचंही तसंच, उमाजीने दोघींची भांडणं लावून दिली. उमाजीचं तोंड एवढंसं झालं. लीलाबाईंनी त्याच्या हातावर प्रसादाचा नारळ ठेवला. म्हणाल्या, भक्ती खरी होती रे, फक्त पुढल्या दसऱ्याला ती वरवरच कर.

बाणासमोर बाण आणून शाफ्ट चढवला. परतीला जीप साठच्या वर गेली, पळी हूं की चूं करेना. घटकेसरच्या अलीकडे वंदना मागे वळून म्हणाल्या, गिऱ्हाइकाला आजच नकार कळवते. मग हळूच, "आणि काका, हातांसाठी उद्या दवाखान्यात या."

"सकाळी जमायचं नाही," नरहरराव म्हणाले. "सकाळी शेड झाडायचीय. दुपारी येतो."

मंगळवारी पहाटे लीलाबाई देवघरात बसल्या, तर पंचपात्र जागेवर होतं, पळी नव्हती. त्या कुरकुरत उठल्या, तोच मागल्या अंगणात गंजलेलं कुलूप करकरलं आणि पाठोपाठ शेडमधून पळीची किणकिण आली. त्या परत बसल्या, आणि त्या दिवशीचं आचमन त्यांनी साखरेच्या चमच्याने केलं.