गाड्या कमी केल्याचा सत्कार

माझी फजिती मीच सांगून टाकतो. सर्जाकडून ऐकलीत तर तिखट जास्त पडेल, आणि त्यात त्याचाही हात होता हे तो सांगणारच नाही.

झालं असं, की कोल्हापुरात एक नवीन ॲप निघालं. आपण गाडी कुठून कुठे, किती वाजता नेणार ते त्यावर टाकायचं. त्याच वाटेचे लोक आपल्या गाडीत येऊन बसणार. माणसामागे एक गाडी नको, रस्ते मोकळे व्हावेत, हा हेतू. मी रोज गडमुडशिंगीहून शहरात ऑफिसला जातो. गाडीत मी आणि माझा डबा. म्हटलं, बघू तरी.

आणि जमलं की हो. महिनाभर माझी एक सीट रिकामी गेली नाही. कुणी संकोचलं तर "बसा की पावणं" म्हणून मी हाताला धरून बसवायचो. मग एक दिवस ॲपवाल्यांचा फोन आला. सगळ्यात जास्त माणसं सोबत नेली म्हणून माझा सत्कार, सकाळी अकराला, शहरातल्या सभागृहात, मोठ्या साहेबांच्या हस्ते.

खोटं वाटेल, पण मला पहिल्यांदा आबा आठवले. माझ्या वडिलांनी जन्मात माझं कौतुक केलेलं नाही. दहावी पास झालो तेव्हा म्हणाले, "पेपर सोपा आसंल." नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "त्यास्नीबी माणूस मिळंना वाटतं." एकदा तरी त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या गळ्यात हार पडावा, एवढीच माझी इच्छा होती.

"आबा, येणार न्हवं?"

"येतो की. त्यांचं काय चुकलंय ते तरी बघतो."

इथं सर्जा मध्ये आला. सर्जा म्हणजे माझा तालमीतला दोस्त. "लगा, गावाचं नाव काढलंस आणि गुपचूप जाणार व्हय? वाजतगाजत न्यायचं तुला."

मी नको म्हटलं. आता आपल्याकडे सत्काराला नको म्हणणाऱ्याचं कुणी ऐकतं का? आणि खरं सांगू, मी नको जरा हळूच म्हटलं होतं.

सकाळी दारात उघडी जीप, पुढे हलगी. मागे बघतो तर पार ओढ्यापर्यंत गाड्या. प्रत्येकानं आपापली आणलेली.

"आरं, एका गाडीत तिघं-चौघं बसा की," मी म्हटलं.

"असं कसं?" सर्जा म्हणाला. "रॅलीत गाड्या किती, ह्यावर इज्जत असती. आपल्या तालमीचं नाव घालवतोस काय?"

मला ते पटलं, हीच माझी चूक. जीपमध्ये मला एकट्यालाच उभं केलं, कारण शेजारी कुणी असलं तर फोटोत सत्कार कुणाचा ते कळत नाही. आबांनी जीपकडे बघितलं, माझ्या फेट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मी वडापनं जातो." फाट्यावर माणसं भरून निघालेल्या वडापच्या गाडीत ते कसेबसे शिरले. मला त्यांचा भयंकर राग आला.

उचगावच्या अलीकडे हलगीला रंग चढला आणि मंडळी नाचायला उतरली. गाडीत एकेकटाच माणूस. तोच नाचायला लागल्यावर गाडी कोण हलवणार? बघता बघता दोन्हीकडचा रस्ता तुंबला. एसटीतल्या एका बाईनं खिडकीतून विचारलं, "कुणाचं लगीन हाय?"

"लगीन न्हाय, मावशी," सर्जा नाचत म्हणाला. "ह्यानं ट्रॅफिक कमी केलंय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ॲपचा संदेश होता: आपल्या मार्गावर मोठी कोंडी आहे, कृपया एकट्याने वाहन वापरू नये.

मी जीपमधून उडी मारली आणि फेटा धरून पळत सुटलो. सभागृहात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि शिपाई खुर्च्या गोळा करत होता. पहिल्या रांगेत आबा एकटेच बसले होते. गळ्यात हार, अंगावर शाल, मांडीवर नारळ.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी नव्हतो, म्हणून वडिलांना वर बोलावलं होतं. कसे आलात, असं साहेबांनी विचारलं. वडापनं, एका गाडीत अकरा जण, म्हटल्यावर साहेब इतके खूश झाले की माझा हार त्यांनी आबांच्याच गळ्यात घातला.

"आणि मी कुठं हाय ते इचारलं न्हाय व्हय कुणी?" मी धापा टाकत म्हटलं.

"इचारलं की." आबांनी नारळ माझ्या हातात ठेवला. "म्हटलं, यील. मोठ्या जीपमधनं एकटाच येतोय, म्हणून उशीर हुतोय."