मोगली एरंडाचं डिझेल

बाबा गोवा हायवेवरच्या एका गॅरेजात ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करायचे. डिझेलचा त्यांना नादच होता. त्यामुळे झाडाच्या बियांपासून डिझेल निघतं असं सांगायला गावात माणसं येणार हे कळल्यावर ते काम टाकून आले आणि सभेत सगळ्यात पुढे बसले.

आमचं गाव कर्नाळ्याच्या पायथ्याशी. मी तेव्हा पनवेलला कॉलेजात होते. देवळाच्या मंडपात एक कंपनीवाला बोलत होता आणि त्याच्या शेजारी एक सरकारी साहेब मान डोलवत होते. मोगली एरंड लावा, रोपं आम्ही देतो, बिया दारातून आम्हीच उचलतो, असं तो म्हणाला. डोंगरउताराची हलकी, वरकस जमीन याला चालते, पाणी लागत नाही. जगातले सगळे देश हवा सुधारायला एकत्र बसलेत, तुमच्या झाडांचे पैसे तेही देतील. बाबांनी तेल किती घट्ट असतं, पंपात अडकेल का, असं विचारलं. त्याने नीट उत्तरं दिली. घरी येताना बाबा माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं पूर्वी कधीच बोलले नव्हते.

आमच्या वरकसावर रायवळ आंबे होते. एरंडाला सावली चालत नाही म्हणून ते तोडायला सांगितलं होतं. त्या झाडांच्या कैऱ्या आई पनवेलच्या बाजारात विकायची. ती भांडली नाही. "गवत काढा, पन आंब्याला हात लावू नका," एवढंच म्हणाली. बाबांनी तिला कंपनीवाल्याचं सगळं भाषण पुन्हा ऐकवलं. झाडं तोडायच्या दिवशी ती उरणला माहेरी निघून गेली, सगळं उरकल्यावरच परतली.

एरंड जगला. गुरं त्याला तोंड लावत नव्हती, त्यामुळे राखणही लागत नव्हती. दोन पावसाळ्यांनंतर बिया धरल्या, सांगितल्या होत्या त्याहून फार कमी. तरी बाबांनी त्या वाळवून पोत्यांत भरल्या. कंपनीचा फोन लागेना. दिलेल्या पत्त्यावर आता मोबाईलचं दुकान होतं.

मग बाबा मला घेऊन त्या साहेबांच्या ऑफिसात गेले. साहेब तिथेच होते. त्यांनी बाबांना ओळखलं, बसवलं, चहा मागवला.

"काका, ती योजना आता मागे पडली," ते म्हणाले. "आता सगळं सोलर आहे. तुमच्या जमिनीला ते छान होईल."

"सायेब, आंबे तोडले मी. तुमी होतात तिथं."

"बोलले ते कंपनीवाले. आम्ही फक्त उपस्थित होतो."

बाबांनी चहा तसाच ठेवला.

त्या बियांचं तेल काढून द्यायला घाणीवाला तयार होईना. विषारी तेल, घाणी खराब होईल म्हणाला. शेवटी बाबांनी गॅरेजातच कसंबसं थोडं तेल काढलं, गाळलं आणि एका जुन्या इंजिनाला दिलं. इंजिन चाललं. धूर काढत, अडखळत, पण चाललं. ते चाललं नसतं तर बाबांच्या मनाला कमी लागलं असतं असं मला वाटतं. बियांबद्दल जे सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. सांगणारे मात्र कुणी आपल्या शब्दाला जागले नव्हते.

पुढे मी खारघरच्या एका शाळेत शिकवायला लागले. टीव्हीवर परदेशातली हवामानाची परिषद दाखवत असली की बाबा उठून जायचे. एकदा मी चिडून म्हणाले, उन्हाळा किती वाढलाय ते तुम्हालाही दिसतंय ना?

"गरम होतंय ते मला ठाव हाय," ते म्हणाले. "मी गॅरेजात पत्र्याखाली बसतो. पन ही मानसं हात मिळवतात, फोटो काढतात, आनि खाली काय झालं ते बघायला परत कुनी येत नाय."

वर्गात मी मुलांना त्याच परिषदांवर निबंध लिहायला सांगत होते.

काही वर्षांनी गावात सौर दिव्यांची सभा ठरली. हायवेपासून गावापर्यंतच्या वाटेवर काळोख असायचा, बायका टॉर्च घेऊन यायच्या. दिवे आम्हाला खरंच हवे होते. मी बाबांना तसं सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत, पण गेलेही नाहीत. बाबा गेले नाहीत म्हणून शेजारचे गेले नाहीत, आणि मग कुणीच गेलं नाही. मंडपात आलेला तरुण अधिकारी रिकाम्या सतरंजीसमोर बराच वेळ बसून होता. बाबांनी माझ्या हाती त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या पाठवला. तो पाणी प्यायला आणि त्याने मला विचारलं, लोक का आले नाहीत? त्याचा यात काही दोष नव्हता. कामाचे दिवस आहेत, असं मी त्याला सांगितलं.

दिवे शेजारच्या गावाला गेले.