आप्पांची भुशाची पिशवी

आमच्या गल्लीत सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ, पण वाकून चालणारे एकटे आप्पा. हातात बॅटरी, काखेत लाकडाच्या भुशाची पिशवी. दारोदारच्या गाड्यांखाली डोकावत ते गल्लीच्या टोकापर्यंत जात. बसगाड्यांच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, निवृत्त झाले तरी गाडीखालून मान काही निघाली नव्हती. इतकी वर्षं तिथे काढून आपण पान-तंबाखूला कधी शिवलो नाही, हे मात्र ते दिवसातून एकदा तरी ऐकवत.

आमची ओळख भांडणाने झाली. हुपरीहून नणंदेकडची मंडळी यायची होती आणि दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या गाडीतून सगळ्यांनी जोतिबाला जायचं होतं. दारातल्या कोब्यावर तेलाचा हातभर डाग पडलेला. पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून मी बादलीभर पाणी आणि साबणाची पावडर ओतून घासायला बसले. डाग जाईना, उलट फाटकापर्यंत पसरला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, तेलाला पाणी दावू नगा! रातभर भुसा पिऊ द्या त्येला. मग सोडा टाकून घासा. आन् त्येच्याबी आदी बघा की, डाग कशाचा हाय त्यो!"

मी शाळेत शिकवते, म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते. पण या बाईंना कुणी शिकवलेलं खपत नाही. "तुम्हाला काय करायचंय?" मी फणकारले. आप्पा उकिडवे बसले, चाकाच्या आतून बोट फिरवलं, वास घेतला.

"ब्रेकचं तेल हाय. घाट उतरताना काय पाय घासून गाडी थांबवणार हुतासा?"

जोतिबाला आम्ही बसने गेलो. माझी दोन्ही पोरं त्या गाडीत बसणार होती.

तेव्हापासून आप्पा आमच्या घरचेच झाले. काळं ते इंजिनाचं, घट्ट आणि उग्र वासाचं ते गिअरचं, असं त्यांनी मला ओळखायला शिकवलं. डाग आधी दाखवायचा, मगच भुसा मिळायचा. "पुसायची घाई करू नगा, बाई. गाडी काय उगंच गळत न्हाय," हे वाक्य तर माझ्या मुलांनाही पाठ झालं होतं.

गेल्या थंडीत एकदा शाळेला निघताना बघितलं, तर आप्पा बाहेरच्या नळावर पांढरा रुमाल सोडा लावून घासत होते. पाणी तांबूस झालं होतं. मी चेष्टेने विचारलं, "काय आप्पा, हा डाग कुठल्या गाडीचा?"

ते दचकले. मग हसून म्हणाले, "पानाचा हाय, बाई. जावा, शाळंला उशीर हुतोय."

आणि मी गेले. पहिली घंटा चुकवायची नव्हती.

उन्हाळ्यात आप्पा वारले. फुफ्फुसाचा कॅन्सर. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. बाराव्यानंतर मी त्यांच्या बायकोकडे, शालनकाकूंकडे जाऊन बसले. दारामागे भुशाची पिशवी तशीच टांगलेली होती.

"चार म्हैनं सवताचं रुमाल सवता धुत हुतं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, म्हातारपणी बायकूची कीव आली. गल्लीभर कौतिक सांगत फिरले की मी."

मला राहवलं नाही. "काकू, मी बघितला होता तो डाग. पानाचा आहे म्हणाले. आप्पा पान खात नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी मी निघून गेले." मी रडत राहिले.

काकूंनी माझा हात धरला.

"गप ऱ्हावा, बाई. तुमी रस्त्यानं जाता जाता बघिटलं. मी शेजारी निजत हुते."