शेवटची बारी कारभाऱ्याची

सोलापूर सोडले तेव्हा गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन गेला होता आणि मी गाडीतल्या बाकावर बसल्या बसल्या पेंगत होतो. प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या अंगी उत्साह असतो म्हणतात. माझ्या अंगी तो नव्हता. बावीस वर्षे मी कोर्टात भाषांतरकार आहे. साक्षीदार मराठीत बोलतो, मी ते इंग्रजीत उतरवतो, साहेब ते वाचतात आणि कोणाचे तरी शेत जाते नाहीतर कोणी तरी तुरुंगात जातो. या चैत्रात मला लिहिताना अक्षरे हलताना दिसू लागली. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "आजार काही नाही. थकला आहात. पंधरा दिवस हवा बदला." थोरली बहीण नातेपुत्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला एका खेड्यात राहते. तिचे यजमान तिथे शाळामास्तर आहेत. तिकडे जायचे ठरले.

कुर्डुवाडीला गाडी सोडली आणि सर्व्हिस मोटरीत बसलो. मोटर कसली, लाकडी खोकेच ते. टेंभुर्णीला ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये पाणी ओतायला तासभर लावला. तेवढ्यात मी एका हॉटेलाच्या बाकड्यावर चहा घेत होतो. मालकाने नाव-गाव विचारले, काम विचारले.

"म्हंजी तुमी जज्जसायब?"

"नाही. मी फक्त भाषांतर करतो."

"म्हंजी दुसरा बोलला तेवढंच बोलायचं?"

"तेवढंच."

"लई सोपं हाय की," तो म्हणाला आणि शेगडीतले कोळसे हलवू लागला. त्याच्याशी वाद घालण्याइतके त्राण मला नव्हते.

भीमेच्या पात्रात पाणी घोट्याएवढे होते, पण वाळूत मोटर रुतली. सगळे उतारू खाली उतरून ढकलू लागले. मीही धोतर खोचून हात लावला. पलीकडे पोचलो तेव्हा माझा उजवा जोडा वाळूतच राहिल्याचे कळले. तो शोधायला परत कोण जाणार? अकलूजला नव्या वहाणा घेतल्या, त्या चावू लागल्या. कालव्याचे पाणी आलेल्या भागात ऊस हिरवागार उभा होता. नातेपुत्यापर्यंत पाहुण्याला पाणी विचारणारी घरे होती. त्यापुढे पाण्याची गोष्ट कोणी उगाच काढत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी समजले.

नातेपुत्याहून सकाळी गेनू नावाच्या मध्यमवयीन गाडीवानाची बैलगाडी ठरवली. दोन कोसांनंतर शेते संपली. मग नुसता माळ, कुसळे, मधूनच एखादी बाभळ. उन्हात दगडसुद्धा दमल्यासारखे दिसत होते. दुपारच्या सुमारास एका धनगरवाडीजवळ चाकाची लोखंडी धाव निसटली. गेनू खाली उतरला, चाकाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "आज काय पुढं जाणं व्हत न्हाय."

वाडी सोळा घरांची. बिरोबाचे छोटे देऊळ, त्यापुढे लिंबाखाली दगडी चौथरा, आणि थोड्या उतारावर विहीर. विहिरीला रहाट होता, शेजारी डोण (जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद). डोणीपासून पार टेकाडापर्यंत मेंढरांचे कळप आपापल्या धन्यांबरोबर उभे होते. कोणी आरडाओरडा करीत नव्हते.

वाडीचा कारभारी धुळाबा आम्हाला सामोरा आला. साठीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा. हातात तेल पाजून काळी झालेली काठी. लोक त्याला आबा म्हणत. गेनूने मी कोण ते त्याला सांगितले. "सोलापूरचं पाव्हणं," तो म्हणाला, "कोर्टातलं! या, या. आदी बैलं पाजा."

रहाटावर उभा असलेला तरणा गडी हळू आवाजात म्हणाला, "आबा, ताऊची बारी हाय."

बारी म्हणजे पाण्याची पाळी. एका घराला एक डोण.

धुळाबाने त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. "ताऊ मागनं पाजंल," तो म्हणाला. "पाव्हणं काय रोज येत्यात व्हय?"

गेनूचे बैल एका दमात डोण प्याले. मला कोणी तरी पोहरा भरून दिला. मी तोंड धुतले, पाय धुतले, आणि उरलेले पाणी डोक्यावर ओतून घेतले. खोटे कशाला सांगू, बरे वाटले. पाण्याइतकेच, आपल्यासाठी रांग थांबली याचेही बरे वाटले. पुढचा पोहरा वर आला तो निम्मा चिखलाचा. रहाटावरचा गडी म्हणाला, "झरा बसला. आता उनं कलल्यावर."

डोणीपाशी एक किडकिडीत बाई आठ-दहा मेंढरे घेऊन उभी होती. ती ताऊबाई. नवरा वारलेला, एकटी. तिने एकवार डोणीत पाहिले. मेंढरे वळवून बाभळीच्या सावलीला गेली.

धुळाबाच्या घरी मला ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे (कुळिथाच्या पिठाची पातळ पेज) आणि कांदा मिळाला. मी जेवून घोंगडीवर आडवा झालो. जाग आली ती बाहेरच्या कुजबुजीने. ताऊबाईची नुकती व्यालेली मेंढी सावलीच्या वाटेतच उन्हात बसली होती ती उठलीच नव्हती. पिलू तिला ढुसण्या देत होते.

मी बाहेर आलो तेव्हा ताऊबाई चौथऱ्याकडे चालली होती. डोक्यावरची घोंगडी तिने काढली, चौथऱ्यासमोर जमिनीवर अंथरली आणि शेजारी बसली.

"आता काय होणार?" मी गेनूला विचारले.

"घोंगडी टाकली तिनं. आता न्याय बसवायलाच लागतोय. ती उचलस्तवर कुणी पाण्याला शिवत न्हाय."

माणसे जमली. बायकाही जमल्या. धुळाबा आला. चौथऱ्यावरचा मधला दगड त्याच्या बसण्याचा, हे त्या दगडाच्या गुळगुळीतपणावरून दिसत होते. तो पायरीपर्यंत गेला, थांबला, काठी चौथऱ्यावर आडवी ठेवली आणि खालीच उभा राहिला.

"माज्यावरच घोंगडी पडली," तो म्हणाला. "मी वर बसत न्हाय. म्हाकू, तू बस."

म्हाकू म्हणजे त्याच्याच वयाचा एक ठेंगणा म्हातारा. दोघांची बोलचाल बंद होती असे गेनू माझ्या कानात पुटपुटला. म्हाकू कुरकुरत वर चढला. त्याने आधी रहाटावरच्या गड्याला विचारले. तो धुळाबाचा पुतण्या निघाला. मान खाली घालून म्हणाला, "मी बोललो व्हतो. पर लई बारीक बोललो. आबाला ऐकू गेलं का न्हाय, म्हायीत न्हाय."

ताऊबाई म्हणाली, "मी डोणीपल्याड मेंढरांत हुते. मला न्हाय ठावं."

मग म्हाकू माझ्याकडे वळला. "पाव्हणं, तुमी आबाच्या शेजारी हुता. ताऊची बारी हाय म्हणून तुमाला ऐकू आलं का?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला शब्द अन् शब्द ऐकू आला होता. पण ज्याची भाकरी पोटात होती तो समोर उभा होता. शिवाय मलाही घाई होती. चाक दुरुस्त व्हावे, निघावे, कुठे तरी पडून राहावे. बावीस वर्षांत हजारदा जे वाक्य मी दुसऱ्यांचे म्हणून लिहून घेतले ते माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडले.

"मला नक्की आठवत नाही."

 धुळाबाने मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, "पाव्हणं, तुमाला आठवतंय. मला बी आठवतंय." मग म्हाकूकडे वळून, "मी ऐकलं व्हतं. ऐकून मग बोललो."

उन्हामुळे असेल, माझे कान तापले. खाली पाहिले तर चावऱ्या वहाणांनी टाचेला रक्त आले होते. इतका वेळ ते जाणवले नव्हते.

म्हाकूने विचारले, "कारभाऱ्याची बारी कितवी?"

"शेवटची."

"कायम?"

"कायम."

"मग पाव्हण्याला पाणी कुणाच्या बारीतलं द्यायचं व्हतं?"

"माज्या," धुळाबा म्हणाला. "सावलीला बसवायचं, आन् माजी बारी आली की माजं पाणी द्यायचं. मी ताऊचं दिलं."

म्हाकूने ताऊबाईच्या घोंगडीकडे पाहिले. शत्रू हाती सापडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मला कुठे दिसला नाही. शेवटी त्याने सांगितले: धुळाबाने आपली एक दुभती मेंढी ताऊला द्यायची, पिलू तिच्याखाली सोडायचे. मिरगापर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत, काठी त्याच्याकडे नाही.

"मग कुणाकडं?" एका बाईने विचारले.

कोणी पुढे येईना. बायकांमधून एक म्हातारी ओरडली, "बोललास तर तूच घे की!" म्हाकूने काठीकडे पाहिले आणि ती उचलली. उचलताना त्याचा चेहरा पडला होता.

"आन् पाव्हण्याचं?" तीच म्हातारी म्हणाली. "डोक्यावर पाणी वतलं त्यानं!"

म्हाकू थोडा घुटमळला. कोर्टातला माणूस, सोलापूरचा. मी स्वतःच म्हणालो, "काय असेल ते सांगा."

"उद्या ताऊची डोण तुमी भरायची. तुमच्या हातानं."

ताऊबाईने घोंगडी उचलली. न्याय झाला होता. शिपाई नव्हता, शिक्का नव्हता. कोणी काही लिहूनही घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी रहाटाशी उभा राहिलो. सातव्या पोहऱ्याला हाताला फोड आले. धुळाबा शेजारी येऊन दोर धरू लागला. मी म्हटले, "हे माझे काम आहे." तो म्हणाला, "मी वढत न्हाय. नुसता धरतो."

मला त्याच्याकडे पाहवत नव्हते, पण विचारले, "आबा, ही काठी तुमच्या घराण्यात दिली कोणी? सरकारने?"

"सरकार कुटलं! पोलीस यायचा ते कुणी मेल्यावर." त्याने सांगितले ते असे. त्याच्या आज्याच्या काळी या विहिरीवर काठ्या चालत. ज्याच्या घरात गडी जास्त त्याची मेंढरे आधी. एका उन्हाळ्यात एक जण डोके फुटून मेला. तेव्हा वाडीच्या बायकांनी विहिरीचे सगळे दोर गोळा केले आणि त्यांच्यावर बसून राहिल्या. दिवसभर पाणी नाही; जनावरांना नाही, पोरांनासुद्धा नाही. सांजच्याला पुरुष नमले. कोणी तरी एकाने बाऱ्या लावून द्याव्यात इथवर आले. पण ज्याच्या हाती काठी तोच आधी पिणार, ही प्रत्येकाला भीती.

"मग?"

"मग एक म्हातारी म्हणली, जो शेवटी पील त्याला द्या. समदी गप. एकटा माजा आजा उठला."

"म्हणजे काठी हा मान नव्हे?"

"मान हाय की," धुळाबा म्हणाला. "पर तहान बी हाय."

डोण भरली. ताऊबाईची मेंढरे प्याली. त्यांच्यात धुळाबाची मेंढी होती आणि ते पिलू तिच्या पायांत घोटाळत होते, पण ती त्याला अजून लाथाडत होती. "घील," ताऊबाई म्हणाली. ती माझ्याशी बोललेला हा एकच शब्द.

बहिणीकडे पंधरा दिवस राहिलो. ती मायेने करीत होती, मेव्हणे शाळेच्या गोष्टी सांगत होते. झोप लागे, पण थकवा जाईना. परतताना मी मुद्दाम गेनूला त्याच वाटेने यायला सांगितले. दुपार होती. रांग तशीच होती. शेवटी, उन्हात, म्हाकूची मेंढरे जिभा काढून उभी होती आणि तो काठीवर रेलला होता. धुळाबाचा कळप मध्ये कुठे तरी होता. मला पाहून म्हाकू हसला, पण दमल्यासारखा.

"कसं काय चाललंय?" मी विचारले.

"आबाला म्हणतो, घे बाबा परत. मिराग यिऊ दे म्हणतो." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "लई वरसं मला वाटायचं, ह्याला काठीची लई घमेंड. आता कळतंय, त्या दिशी काय झालं आसंल. इतकी वरसं मागं उभं राह्यलं की एक दिस वाटतंय, आज माजा शबूद चालू दे."

"मग तुम्ही त्यांना जास्त शिक्षा केली असे वाटते?"

"न्हाय," तो म्हणाला. "तेवढीच पायजे हुती."

या खेपेला मी पाणी मागितले नाही. नातेपुत्याला विहिरीवर प्यालो.

सोलापूरला उतरलो तेव्हा ऊन तेच होते आणि कामही तेच. कचेरीत सोबत्यांनी प्रवास कसा झाला विचारले. मी ही हकीकत सांगितली. एक हसून म्हणाला, "एका मेंढीसाठी एवढा दरबार?" दुसऱ्याने विचारले, त्या निकालावर अपील कुठे करतात. मी हसलो. पुन्हा ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. विचारले तर म्हणतो, हवा चांगली होती.

आजवर मला वाटत आले की कायदा वरून येतो. कोणी तरी फार मोठा तो देतो आणि आम्ही त्याची भाषांतरे करतो. त्या वाडीवर तो दोरांवर बसून राहिलेल्या बायकांनी केला होता आणि तो मोडणारा माणूस स्वतःहून पायरीखाली उभा राहिला होता. याने आमच्या कोर्टाचे काही बदलेल असे मला वाटत नाही. मीही फारसा बदललेला नाही. संध्याकाळी पूर्वीसारखाच दमून घरी येतो. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही, आणि हे सगळे लिहायला बसलो ते तिच्यासाठीच. त्या चौथऱ्यासमोर खोटी साक्ष मी एकट्यानेच दिली. आणि ज्याला वाचवायला दिली, त्यानेच ती चालू दिली नाही.