झाकण न लावलेलं विमान

आधी माईंचं सांगतो, बाकी सगळं मग. माई म्हणजे डिचोलीतल्या माझ्या घरमालकीण. माझा उजवा हात आज थोडाफार चालतो तो त्यांच्यामुळे. डॉक्टरांनी हाड जुळवलं, त्यांचेही उपकार आहेत. पण जुळलेल्या हाडाला कामाला लावलं ते माईंनी, आणि त्यासाठी त्यांनी घरातली जी वस्तू माझ्यापुढे ठेवली ती दुसऱ्या कुणी ठेवली नसती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ठेवली नसती.

मी वाशीमकडचा. आठवीनंतर शाळा सुटली, आणि गावच्या एका ड्रायव्हरच्या मागे मागे गोव्यात आलो. डिचोलीत ट्रकांचे कमानपाटे बसवणाऱ्या गॅरेजात लागलो. चाकाच्या वर ते लोखंडी पट्ट्यांचे थर असतात ना, ज्यांच्यावर सगळ्या गाडीचा भार असतो, ते. एके दिवशी जॅक सरकला आणि माझा हात पाट्याखाली गेला. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. मूठ वळेना, पेला धरवेना. गॅरेजवाले म्हणाले, बरा झालास की ये. चांगल्या मनानंच म्हणाले. पण माझ्या जागी दुसरा आला होता हे मला कळलं होतं, आणि मी पहिल्यापासून काळजी करणारा माणूस. रात्रंदिवस एकच विचार, पाना धरता आला नाही तर मी करू काय. घरी आईला सांगितलंच नाही. फोन डाव्या हातात धरून सांगायचो, काम फार आहे, नंतर बोलतो.

माईंच्या घरामागच्या खोलीत मी राहायचो. दवाखान्यात सांगितलं होतं की बारीक वस्तू उचलायची सवय करा. माईंनी वाडगाभर कुळीथ आणून दिले, एकेक दाणा ह्या वाडग्यातून त्या वाडग्यात टाक म्हणाल्या. दोन-चार दिवस टाकले. मग कंटाळलो, खरं म्हणजे घाबरलो, कारण दाणे निसटायचे आणि प्रत्येक दाण्याबरोबर वाटायचं की झालं, संपलं. मी पायरीवर नुसता बसून राहू लागलो. माई माझ्याशी शाळेत शिकलेल्या मराठीत बोलत, पण रागावल्या किंवा घाबरल्या की कोंकणीवर येत. त्या दिवशी रागावल्या होत्या.

"बसून रावलो जाल्यार हातूय आळशी जातलो. भितर यो."

बसून राहिलास तर हातही आळशी होईल. आत गेलो तर मेजावर एक खोका होता. झाकणावर चित्र होतं, जुन्या महायुद्धातलं एका पंख्याचं लढाऊ विमान, ढगातून येणारं.

तो खोका त्यांच्या मुलाचा. एकुलता एक होता. पणजीला नोकरीला जायचा आणि रविवारी घरी बसून प्लास्टिकची विमानं जोडायचा. पुरी झालेली तीन विमानं माईंच्या बाहेरच्या खोलीत छताला टांगलेली होती, मासे पकडायच्या गळाच्या तंगुसानं, म्हणजे बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं. पंखा लावला की हळू फिरायची. चौथं हातात घेतलं आणि तसंच राहिलं. करोनाच्या साथीत तो गेला. दवाखान्यातून पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बांधून आणलेला. माईंना लांब उभं केलं होतं. हे सगळं मला त्यांनी एकदाच सांगितलं होतं, मी नवा राहायला आलो तेव्हा, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

"तोंड पळोवंक मेळ्ळें ना म्हाका," म्हणाल्या. चेहरा बघायला मिळाला नाही. मग नळ बंद करून आत गेल्या.

म्हणून मी खोक्याला हात लावायला तयार नव्हतो. म्हटलं, माई, हे त्याचं आहे, माझ्यानं बिघडलं तर. त्या म्हणाल्या, कपाटात राहूनही ते बिघडतंच आहे, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलाय त्याला. तू कर. पण नीट कर.

ते 'नीट कर' माझ्या छातीत बसलं. हात गेला तर माझं नुकसान होतं, पण हे विमान वाया गेलं तर त्यांच्या मुलाचं शेवटचं काम वाया जाणार होतं, आणि ते दुसऱ्यांदा मिळणारं नव्हतं.

झाकण उघडलं आणि मी आणखी घाबरलो. मला वाटलं होतं आत विमान असेल. आत नुसते तुकडे होते, करड्या प्लास्टिकच्या जाळ्यांना चिकटलेले, पोरानं मोडून ठेवल्यासारखे. मी माईंना म्हटलं, हे तर फुटलंय. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्या घरात त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, फुटलेलंच विकत मिळतं, जोडायचं आपण, तोही असाच पहिल्या वेळी दुकानदाराशी भांडून आला होता.

कागदावरचं इंग्रजी मला येत नव्हतं, पण चित्रं होती आणि प्रत्येक तुकड्याला आकडा होता. आकडे कुणालाही येतात. नेलकटरनं तुकडा जाळीतून कापायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, चिमट्यानं जागेवर ठेवायचा. पहिले काही दिवस चिमटा धरला की बोटं थरथरायची आणि तुकडा उडून कपाटाखाली जायचा. माई टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसायच्या. हे विमान नाही, पिसू आहे, असं पुटपुटत शोधायच्या. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा, तो दारातूनच डोकावून विचारायचा.

"दुबयाक वता काय रे हें?"

"आदीं साखळेक पावूं दी," माई आतून म्हणायच्या. दुबईला जातं का म्हणे, आधी साखळीला तर पोचू दे. साखळी म्हणजे डिचोलीच्या पलीकडचंच गाव.

असे दिवस चालले होते. मला कळलंही नाही, पण एके दिवशी चहाचा पेला मी उजव्या हातानं उचलला होता. माईंनी पाहिलं, आणि पेल्यात आणखी चहा ओतला.

खोक्याच्या कोपऱ्यात एक काड्यापेटी होती. आत कापसावर वैमानिक होता. तो त्यांच्या मुलानंच रंगवलेला. माणूस बोटाच्या पेराएवढा, चेहरा तुरीच्या डाळीएवढा, पण त्या डाळीवर भुवया होत्या, बारीक मिशी होती, आणि ओठ एका बाजूला थोडे वर गेलेले होते. माईंना हे माहीत नव्हतं. पेपर वाचायचं भिंग त्यांनी आणलं आणि उजेडात नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तो असोच हासतालो."

त्यानंतर रोज सकाळी देवाला फूल घातलं की त्या येऊन एकदा काड्यापेटी उघडून बघायच्या. मग बंद करून मला द्यायच्या. मी वैमानिक खुर्चीवर बसवला, विमानाच्या पोटाचे दोन भाग त्याच्या भोवती जुळवले, कपड्यांचे चिमटे लावून वाळू दिले. पंख लागले. शेपूट लागलं. आता राहिली काच. वैमानिकाच्या डोक्यावर बसणारं ते पारदर्शक झाकण.

मुलाच्या बाटलीतला प्लास्टिकचा गोंद एवढ्या वर्षांत वाळून खडा झाला होता. मी सुरुवातीपासून दुकानातला, क्षणात चिकटणारा गोंद वापरत होतो, आणि तो चांगला धरत होता. काचेलाही तोच लावला, अगदी सुईच्या टोकानं, श्वास रोखून. सरळ बसली. एवढं बारीक काम आपल्या हातून झालं ह्याचा मला आनंद झाला. आणि काळजी तर पाठ सोडत नाही. जेवणाची वेळ होती, वरच्या कौलांतून धूळ पडते, ओल्या गोंदावर बसली तर? म्हणून मी विमानावर एक स्टीलचं पातेलं पालथं घातलं आणि जेवायला गेलो.

त्या गोंदाची वाफ होते आणि कोंडली की ती पांढरी होऊन बसते, हे मला नंतर कळलं. उघडं ठेवलं असतं तर कदाचित कमी बसली असती.

चहाच्या वेळी माई आल्या, म्हणाल्या दाखव. मी पातेलं उचललं. काच सगळी आतून पांढरी झाली होती, दुधासारखी. वैमानिक दिसतच नव्हता. त्या जागी एक पांढरं गाठोडं होतं फक्त.

माई अगदी हळू म्हणाल्या, "परत बांदून घालो मरे ताका."

परत बांधून टाकलास त्याला. एवढंच. आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी दाढीचं पातं घेतलं. काच निघताना आतलं डोकंही तुटू शकतं हे दिसत होतं, पण तसं ठेवणं शक्यच नव्हतं. डाव्या हातात विमान धरलं आणि उजव्या हातानं, ह्याच हातानं, काचेच्या कडेखाली पातं सरकवलं. बोटं दुखायला लागली. थांबलो, पुन्हा सरकवलं. एक बारीक आवाज आला आणि काच दोन तुकडे होऊन निघाली. माझा घाम त्या पंखावर पडला होता.

वैमानिक जागेवर होता. डोकं होतं. पण त्याच्या खांद्यावर, टोपीवर, चेहऱ्यावर पांढरी बुरशी चढल्यासारखं झालं होतं. मी हाक मारली. माई आल्या, वाकून पाहिलं. मला म्हणाल्या, तू बाजूला सर. देवघरातून एक फुलवात आणली, खोबरेल तेलात बुडवली, पिळली, आणि तिच्या टोकानं त्या तुरीच्या डाळीएवढ्या चेहऱ्याला तेल लावू लागल्या. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी. लहान मुलाला न्हाऊ घालायच्या आधी लावतात तसं. पांढरं हळूहळू गेलं. भुवया आल्या, मिशी आली. तो हसणारा ओठ आला. माईंच्या तोंडून काहीतरी चाललं होतं, ऐकू येत नव्हतं, बहुतेक त्याचं घरातलं नाव असावं. मी दाराशी उभा होतो.

शेवटी फुलवात खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आतां धांपूं नाका ताका."

झाकू नकोस. मी काच पुन्हा लावली नाही. विमान तसंच उघडं तिसऱ्याच्या शेजारी टांगलं. त्या रंगाशी तेल जमत नाही, चेहरा कायम थोडा ओला दिसतो. माई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत, मला मात्र वाढलं, आणि मी खावं म्हणून समोर बसून राहिल्या.

आता मी पेडण्याला असतो, एका गॅरेजात. जड काम जमत नाही, करंगळी अजून वळत नाही, पण पाना धरतो. आईला सगळं सांगितलं, ती फोनवर रडली आणि माईंना दंडवत सांग म्हणाली. सुट्टी मिळाली की म्हापशावरून बस बदलून डिचोलीला जातो. माई खूप वाळल्यात. पुतणे पणजीला आहेत, येतात-जातात. मागच्या खेपेला मला पोळी वाढता वाढता म्हणाल्या, माझ्या वेळेला पुतण्यांना सांग हां, तोंड उघडं ठेवा म्हणून, लोकांना बघू दे. हसत म्हणाल्या. मी म्हटलं, माई, असं बोलू नका.

तोंडावर सांगितलं तर त्या मला झाडूनं मारतील, म्हणून इथे लिहितो. माई, तो दिवस उशिरा येवो. पण येईल तेव्हा मी कुठेही असलो तरी निघून येईन. तुमचा चेहरा कुणी झाकू लागलं तर थांबवीन, तेल मी लावीन, आणि माझ्या हाताचं काय सांगावं, पण खांदा धड आहे, तो देईन.