मामाच्या अंगावरची शाल

माझ्या मामाला क्रिकेटमधून बाहेर काढणं या जिल्ह्यात कुणालाच जमलं नव्हतं. त्याच्या दोन्ही गुडघ्यांनी प्रयत्न केला, खांद्यानं केला, मामीनं तर लग्नापासून केला. शेवटी ते काम मी एकट्यानं केलं, पाचशे पत्रकं छापून.

मामा पैसे घेऊन खेळणारा खेळाडू. गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत जो संघ मॅचचे पैसे, एसटीचं भाडं आणि मटणाचं जेवण देईल, त्या संघाचा. एका रविवारी बोरी अरबकडून खेळायचा आणि पुढच्या रविवारी बोरी अरबलाच हरवून यायचा. निष्ठा या विषयावर मी त्याला एकदा पाऊण तास सुनावलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मी बॉलशी इमानदार आहो ना लेका. गाव कोणतंही असो, बॉल तं हिरवाच राह्यते."

तरुणपणी तो इतक्या जोरात टाकायचा, की त्याचा कीपर म्हणे मागच्या बाभळीच्या सावलीत उभा राहायचा. गुडघा गेला तशी मामानं धाव सहा पावलांवर आणली आणि ऑफस्पिन सुरू केली. खांदा गेला तेव्हा ग्लोव्हज चढवले. वाकणं जमेना, तेव्हा स्लिपमध्ये उभा राहून नुसता बोलू लागला. झरी जामणीच्या एका जमलेल्या फलंदाजाला त्यानं एवढंच विचारलं, "घरून निघताना बैलाले पाणी पाजलं का बे?" तो बिचारा आठवत राहिला आणि मधला स्टंप गेला.

अशा माणसाला भीती एकाच गोष्टीची, सत्काराची. "शाल पांघरली का माणूस स्टेजवर जाते," तो सांगायचा. "अन् स्टेजवरून परत मैदानात आलेला मी एकही नाही पाह्यला." म्हणून नारळ दिसला की हा गायब. वयही त्यानं कित्येक वर्षं अडतीसवर रोखून धरलं होतं. मी याला विनय समजलो. आम्हा चळवळीतल्या लोकांना समोरच्याचं ऐकण्यापेक्षा त्याच्यावरचा अन्याय ओळखणं सोपं जातं.

यंदा आमच्या गावच्या स्पर्धेत आयोजकांनी आपल्या संघात मामाला राखीव ठेवलं आणि माझं डोकं फिरलं. रातोरात मजकूर लिहिला: 'तीस वर्षं मैदान गाजवणाऱ्या एक्कावन्न वर्षांच्या ज्येष्ठ खेळाडूची उपेक्षा का? आयोजक उत्तर देतील काय?'

आयोजकांनी दिलं. फायनलच्या आधी मामाला स्टेजवर बोलावून शाल, नारळ आणि निवृत्तीच्या शुभेच्छा दिल्या. राखीवमधलंही नाव कापलं. भर उन्हात शाल पांघरून, पायात खेळायचे बूट घालून मामा पाहुण्यांच्या खुर्चीत बसून राहिला. खाली उतरल्यावर म्हणाला, "भाचेबुवा, तुम्ही मले न्याय देल्ला." तो दुखावला की मला अहोजाहो करतो.

नंतर दीड महिना तो मैदानाकडे फिरकला नाही. मामीचा फोन आला, "तुहा मामा दिवसभर घरीच बसून राह्यला, अन् मले फोडणी कशी द्यायची ते शिकवून राह्यला. काहीतरी कर बाबू." मी काहीही करायचं नाही असं ठरवलं. आयुष्यातला तेवढाच एक शहाणा निर्णय.

मागच्या रविवारी बसस्टँडवर एका मोर्चाची पत्रकं वाटायला गेलो, तर मामा उमरखेडच्या बसपाशी उभा. खांद्याला किटबॅग. पँटीचे पाय वर सरकवून त्यानं मला गुडघे दाखवले. सत्काराच्या शालीचे दोन तुकडे करून घट्ट गुंडाळले होते.

"गरम राह्यते," तो म्हणाला.

खेळायला निघताना तो आमच्याकडच्या रीतीनं भाच्याच्या पाया पडतो. आताही वाकला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. मी पाय मागे घेतले.

"तुहे ते पत्रकं उमरखेडले तं नाही गेले ना?"

"नाही मामा."

"मंग वय किती सांगू?"

"अडतीस."

त्यानं पँटीचे पाय खाली ओढले. "चाळीस सांगतो. लोकांले खरं वाटलं पाह्यजे."

तो बसमध्ये चढला. माझ्या झोळीच्या तळाशी ती उरलेली शंभरेक पत्रकं होती. बस स्टँडबाहेर पडेपर्यंत मी झोळीचं तोंड मुठीत आवळून उभा राहिलो.