काही फाइली दुरुस्त झाल्या नाहीत

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं आणि स्वतःच सुरू होतं! नालवाडीत प्रमोदभाऊंच्या दुकानात मी अकरा वर्षं आहे. घरोघरचे पीसी घ्यायचे, त्यातल्या खराब झालेल्या सिस्टिम फाइली तपासायच्या आणि जाग्यावर आणायच्या, हे आमचं काम. लोकांना मी हसायचे किस्से सांगतो खरा, पण घरी गेल्यावर आठवतात ते दुसरेच.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक कापडवाले शेठ सीपीयू घेऊन आले. वरून खालपर्यंत हळदकुंकू, आत चिकट पाणी.

"शेठ, नारळ याच्यावरच फोडला का?"

"पागल हाय का? बाजूले फोडला! पाणी तेवढं याले पाजलं."

*

तपासणी चालू असताना मशीन बंद करायचं नसतं. अल्लीपूरच्या एका गुरुजींना भाऊंनी फोनवर बजावलं, "शंभर टक्के होईस्तोवर जाग्यावरून उठाचं नाई!"

संध्याकाळी गुरुजींचा फोन. "भाऊ, सकाळपासून चव्वेचाळीसवरच अटकलं. सख्ख्या साळ्याच्या मातीले नाई गेलो मी. आता बायको बोलून नाई राह्यली."

भाऊंनी फोन माझ्या हातात दिला आणि चहाला निघून गेले.

*

एक बाई मशीन तपासून होईपर्यंत स्टुलावर बसून होत्या. नवरा दवाखान्यात होता. तपासणी संपली, पडद्यावर ओळ आली.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं: खराब फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत.

"डॉक्टरबी सकाळी असंच बोलले," बाई म्हणाल्या. "पण तुमी तं खराब काढून नवीन टाकता ना?"

*

दोन भावांच्या वाटण्या झाल्या. एकाने मॉनिटर नेला, दुसऱ्याने सीपीयू! एकाच आठवड्यात दोघंही आपापला अर्धा घेऊन आले, "चालून नाई राह्यलं." भाऊंनी दोघांना एकदम बोलावलं आणि जोडून दाखवलं. सगळ्या फाइली ठणठणीत. पडद्यावर वारलेल्या आईचा फोटो आला.

"याचं प्रिंट निघते का?" धाकट्याने विचारलं. "दोन काढा."

प्रिंट निघाल्या आणि थोरल्याने वायर सोडवली.

*

सिंदीचे एक काका. पोस्टातून रिटायर, घरात एकटेच. त्यांचं मशीन दर आठवड्याला बिघडायचं आणि पुण्याचा मुलगा फोनवरून तासभर सांगून सांगून ते दुरुस्त करून घ्यायचा. शेवटी तो कंटाळला. मला म्हणाला, "एकदाचं पक्कं करून टाका. मले दर रविवारी नाई जमत."

मी गेलो. कमांड टाइप करायला लागलो, तर काका मागून पाठ म्हणू लागले. कुठे जागा सोडायची, कुठे तिरपी रेघ, सगळं बरोबर!

"काका, तुमाले तं सगळं येते. मंग पोराले काऊन फोन लावता?"

"लई बारीक समजावून सांगते तो," काका म्हणाले. "मधी मधी जेवलो का, इचारते."

मी मशीनमधल्या नोंदी पाहिल्या. दर रविवारी सकाळी दहाला चालू मशीनची लाईट गेलेली. मला त्यात फक्त लोडशेडिंग दिसलं. एवढीच माझी अक्कल! मुलाने सांगितलं होतं म्हणून नवा यूपीएस नेला होता. तो जोडला आणि ऐटीत म्हटलं, "आता लाईट गेली तरी फाइली खराब होत नाई. काढा पिन, काढून पाहा!"

काकांनी सवयीच्या हाताने पिन ओढली. पडदा चालूच राहिला. पिन हातात धरूनच त्यांनी विचारलं,

"याची बॅटरी किती वर्सं चालते?"

"तीन वर्सं तं कुठं नाई गेली, काका!"

काका खुर्चीवर बसले.

"तीन वर्सं तं मी पुरत नाई, बापू."